अण्णांना कांबुसीच्या बाजारात कोणी बसवलं?

आधीच सांगून टाकतो — या ग्रुपवर मी दोन वर्षं आहे ते फक्त टवाळी करायला. कुणी पिंपळाखालच्या बाईचा अनुभव टाकला की त्याखाली "काका, चष्म्याचा नंबर तपासून घ्या" असं लिहिणारा तो मीच. जुन्या मेंबरांना माझं नाव आठवत असेल, त्यांनी आता पोटभर हसून घ्यावं. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, नांदेडजवळच्या विष्णुपुरीला शिकलो, लातूरला नोकरी करतो. मशीन बंद पडलं की कारण सापडेपर्यंत मला घास गोड लागत नाही. या प्रकरणाचं कारण मला वर्षभरात सापडलेलं नाही... म्हणून शेवटी इथं लिहायला बसलोय.

आमची कंपनी धान्य निवडायच्या मशिनी बनवते. मागच्या वर्षी त्यातल्या चार ब्राझीलला गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ मी. साओ पावलो शहराबाहेरच्या एका गोदामात त्या बसवून चालू करून द्यायच्या, तीन महिन्यांचं काम. शहरात विला मारियाना नावाच्या भागात कंपनीनं फ्लॅट दिला होता. सोमवार ते शनिवार गोदाम, आणि रविवारी मोकळा.

मला पायी शहर बघायचा नाद आहे. टॅक्सीतून शहर कळत नाही असं माझं मत. त्यामुळं दर रविवारी एक-दोन मोहल्ले ठरवायचो आणि सकाळीच निघायचो. लिबरदाजीमध्ये जपानी लोकांची वस्ती, रस्त्यावर लाल कंदील. विला मादालेनामध्ये भिंतींवर अशी चित्रं की एक घर कोरं सोडलेलं नाही. मोका म्हणजे जुन्या गिरण्यांचा भाग. एका शहरात किती गावं असावीत! मी वहीत नोंदी ठेवायचो, नकाशावर खुणा करायचो. परीक्षेचा अभ्यास करावा तसं फिरणं चालायचं माझं.

दुसऱ्या महिन्यात अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील, वय एकाहत्तर, औशाजवळच्या आमच्या गावात शेती करतात. आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात एकटेच. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, हदगावला दिलेली. तिनंच माझ्या मागं लकडा लावला की एक महिना तरी अण्णांना घेऊन जा. मला वाटलं होतं अण्णा नाही म्हणतील. तर ते म्हणाले, "येतो की. ब्राझीलचं सोयाबीन आलं म्हनून भाव पडला, असं आडतीवर कवापासून ऐकून राहिलोय. एकदा बघतो तरी, कोन हाय त्यो ब्राझील."

विमानातून उतरले ते पांढरा सदरा, पायजमा, टोपी, आणि पायात औशाच्या बाजारातल्या टायरच्या तळाच्या चपला. मी बूट घेऊन दिले. त्यांनी ते डब्यासकट कपाटात ठेवून दिले.

आता त्या रविवारचं सांगतो. ठिकाण — बिशीगा. इटालियन लोकांची जुनी वस्ती, चढ-उताराचे रस्ते, बेकऱ्या, रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार. माझा प्लॅन असा होता की दुपारपर्यंत बिशीगा, मग लिबरदाजी ओलांडून कांबुसी. पण अण्णांबरोबर प्लॅन कसला! ते प्रत्येक झाडापाशी थांबायचे. ह्याला काय म्हनतेत? शेंगा येतेत का? एका म्हाताऱ्यानं दारात मिरच्या वाळत घातल्या होत्या, तिथं पंधरा मिनिटं. भाषा येत नाही, तरी दोघं एकमेकांना मिरच्या दाखवून हसत होते. मी घड्याळ बघत उभा.

साडेनऊच्या सुमारास एका पिवळ्या चर्चपाशी आलो. आत प्रार्थना चालू होती, गाणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. अण्णा म्हणाले, पाया पडून येतो. आणि पायरीपाशी चपला काढल्या.

"अण्णा, इथं कुणी चपला काढत नाही," मी म्हणालो.

"न काढेनात. देवाच्या दारात चपला घालून जाऊ व्हय मी?"

"लोक बघून राहिलेत."

"बघू दे की."

आणि माझं डोकं सटकलं. खरं तर कारण काहीच नव्हतं, पण मी चारचौघांत ओरडलो — "तुम्हाला कुठं न्यायची सोयच नाही! दोन तास झाले, अर्धा मोहल्ला पण झाला नाही. जा, काय करायचं ते करा. मी पुढचा रस्ता बघून येतो." अण्णांनी टोपी सारखी केली आणि आत गेले.

दहा मिनिटांत मी परत आलो. प्रार्थना सुटली होती, लोक पांगले होते. पायरीपाशी अण्णांच्या चपला होत्या... अण्णा नव्हते.

आधी वाटलं, आत असतील. आत गेलो तर चर्च रिकामं, एक बाई फुलं गोळा करत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की चर्चला मागूनही दार आहे, आणि उतारामुळं ते दार खालच्या एका भलत्याच रस्त्यावर उघडतं. गर्दी त्या दारानं बाहेर पडली असणार आणि गर्दीबरोबर अण्णा. आपल्याकडचा माणूस देवळातून निघाला की चपलांकडं येणारच. म्हणजे ते चपला शोधत चर्चला वळसा घालायला निघाले असणार, आणि त्या चढ-उतारात वळसा म्हणजे एकात एक अडकलेल्या सात गल्ल्या.

अण्णांचा फोन फक्त फ्लॅटच्या वायफायवर चालायचा, म्हणून तो फ्लॅटवरच. पत्त्याची चिठ्ठी मी करून दिली होती, ती कालच्या सदऱ्याच्या खिशात. भाषेचा एक शब्द येत नाही. त्यात शुगर. सकाळची गोळी घेतलेली, वेळेवर पोटात काही गेलं नाही तर चक्कर येते. सव्वा कोटीच्या आसपास वस्तीचं शहर, आणि त्यात माझा बाप अनवाणी.

चपला हातात घेऊन मी पळत सुटलो. दिसेल त्याला फोटो दाखवायचो, डोक्यावर हात फिरवून टोपी सांगायचो. कुणी वर हात करायचं, कुणी खाली. बाजाराच्या चौकात एक पोलीस भेटला. चांगला माणूस होता, पण त्याला माझं कळेना. मग मी आमच्या तिथल्या ऑफिसमधल्या सहकाऱ्याला अण्णांचा फोटो पाठवला आणि पोर्तुगीजमध्ये नीट मजकूर लिहून मागितला. तो मेसेज गेला दहा वाजून चौतीस मिनिटांनी. ही वेळ लक्षात ठेवा, माझ्या फोनमध्ये ती अजून आहे. मजकूर आला, पोलिसानं वाचला, वायरलेसवर कळवलं आणि मला इथंच थांब म्हणाला. मी पंधरा मिनिटं थांबलो, मग राहवेना.

तेवढ्यात आक्काचा व्हिडिओ कॉल. हदगावला दिवेलागण झालेली, दर रविवारी याच वेळेला ती अण्णांशी बोलते. फोन वाजत राहिला आणि मी स्क्रीनकडं बघत राहिलो. काय सांगू? अण्णांवर ओरडलो आणि सोडून गेलो म्हणून? नाही उचलला. तिनं तीनदा केला.

मग पुढचा प्रकार सुरू झाला. मी लिबरदाजीच्या दिशेनं निघालो, कारण एका पोरीनं तिकडं हात केला होता. चालत राहिलो... आणि एका टायरच्या दुकानापाशी आलो, निळं शटर, त्यावर मांजराचं चित्र. तिथून डावीकडं गेलो. दहा मिनिटांनी समोर तेच शटर. उजवीकडं गेलो. परत तेच मांजर. मॅपवरचा निळा ठिपका जागच्या जागी गरगर फिरत होता. पाचव्यांदा ते शटर बघितलं तेव्हा मला रडू फुटलं. अडतीस वर्षांचा बाप्या फुटपाथवर बसून रडतोय, हातात चपला.

शेतात असं झालं की आमच्याकडं त्याला चकवा लागला म्हणतात. माणूस आपल्याच बांधाला गोल गोल फिरत राहतो. लहानपणी अण्णांनी सांगितलेलं — असं झालं की खाली बसायचं, उजवी चप्पल डाव्या पायात, डावी उजव्या पायात घालायची आणि मग उठायचं. मी या गोष्टीची आजवर काय काय चेष्टा केली असेल! पण खरं सांगतो, त्या वेळी मला कुणी डोक्यावर उभा राहा म्हणालं असतं तरी राहिलो असतो. बूट काढले, लेसनं बांधून गळ्यात अडकवले आणि अण्णांच्या चपला उलट्या पायांत घातल्या. समोरच्या बाल्कनीतली एक आजी टक लावून बघत होती.

उठलो आणि चालायला लागलो. आणि पहिल्याच वळणाला एक उताराची गल्ली, जी मी आधी बघितलीच नव्हती. किंवा बघितली असेल, घाबरलेल्या माणसाचं काय सांगावं. त्या गल्लीनं उतरलो, एक मोठा रस्ता लागला, पूल लागला, आणि अर्ध्या तासानं एकदम भाजीचा वास आला. आठवडी बाजार! तिकडं तो मोहल्ल्या-मोहल्ल्यात भरतो, रविवारी काही ठिकाणी. पट्ट्यांचे तंबू, पपया, केळी, ओरडणारे विक्रेते. पाटी वाचली — कांबुसी.

बाजाराच्या टोकाला एक बाई मोठ्या कढईत काहीतरी तळत होती, शेजारी उसाच्या रसाचा चरक. आणि चरकाच्या बाजूला, प्लास्टिकच्या खुर्चीत, पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा, हातात अर्धं केळं... अण्णा.

"आलास?" अण्णा म्हणाले. "घावल्या का चपला?"

मी तिथंच गुडघ्यावर बसलो आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. अण्णा बावचळले. "अरे, काय झालं? उठ की. लोक बघून राहिलेत."

"किती शोधलं तुम्हाला, अण्णा... तीन तास झाले."

"शोधलं?" ते माझ्याकडं बघायला लागले. "अरे तूच तर बसवून गेलास की हितं. हितंच बसा, चपला घेऊन येतो म्हनलास."

मला वाटलं, शुगर कमी झाली. मी म्हणालो, बरं बरं. पण तेवढ्यात ती तळणारी बाई आली, पन्नाशीची, अंगानं दांडगी. तिनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि धडाधड पोर्तुगीज बोलायला लागली. मी भाषांतराचं अ‍ॅप पुढं केलं तर ती त्या फोनकडं बघून हसायला लागली. फोनवर अक्षरं उमटली — "आता हे कशाला? सकाळी तर चांगलं बोलत होतास."

मी तिला सांगितलं की मी सकाळी आलोच नाही. तिनं मान हलवली. हाच शर्ट, बारीक निळ्या चौकटीचा. हाच चष्मा, हीच दाढी. साडेदहाच्या सुमारास म्हणे मी वडिलांना हाताला धरून आणलं, खुर्ची मागितली आणि म्हणालो, यांच्या चपला राहिल्यात, घेऊन येतो, तोवर लक्ष ठेवा. आणि हो, यांना साखरेचा त्रास आहे, रस देऊ नका, केळं द्या.

"हाव की," अण्णा मध्येच म्हणाले — त्यांना रसाच्या चरकाकडं केलेल्या खुणा तेवढ्या कळल्या होत्या. "डोळ्याम्होरं ऊस पिळून राहिलेत आन बाई घोटभर देईना. तूच सांगून गेलास ना तिला?"

मंडळी, माझं पोर्तुगीज म्हणजे नमस्कार, धन्यवाद आणि 'बिल द्या'. साडेदहाला मी बिशीगाच्या चौकात पोलिसासमोर उभा होतो. मेसेजची वेळ वर दिली आहेच.

त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती, नाही का? वाटली नाही. अण्णा समोर होते, धडधाकट, वर रसावरून कुरकुर करत. मी त्या बाईचे हात हातात घेतले आणि ओब्रिगादो, ओब्रिगादो — धन्यवाद, धन्यवाद — म्हणत राहिलो. मग सहकाऱ्याकरवी पोलिसाला कळवलं, आक्काला फोन लावला. "कुठं होतावं? जीव टांगणीला लागला माझा," आक्का ओरडली. "बाजारात," अण्णा म्हणाले. "गजू बसवून गेलता." गजू म्हणजे मीच. टॅक्सीनं फ्लॅटवर आलो. मी भात टाकला, वरण केलं. अण्णा जेवून झोपले आणि मी त्यांच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसलो, नुसतं घोरणं ऐकत. इतकं गोड घोरणं!

दुसऱ्या दिवशी विचारून घेतलं. अण्णांच्या म्हणण्याप्रमाणं ते मागच्या दारानं निघाले, लोकांच्या मागं मागं गेले आणि रस्ता चुकला. बरंच चालले. मग म्हणे मी मागून आलो, खांद्यावर हात ठेवला आणि दोघं मिळून बाजारात गेलो. बस, एवढंच.

पुढच्या रविवारी मी एकटाच कांबुसीला गेलो. अशा गोष्टींत ती बाई गायब असते आणि शेजारचे सांगतात की इथं कधी असं दुकान नव्हतंच. तसलं काही नाही. बाई जागेवर होती, घामाघूम, गिऱ्हाइकांवर खेकसत. मी नेलेली मिठाई तिनं घेतली, नवऱ्याला हाक मारली, आणि त्यानंही तेच सांगितलं. फोटोतला माझा चेहरा बघून नाही, मला समोर उभं करून सांगितलं — हाच. समोरच्या दुकानाला कॅमेरा होता, पण त्याचं तोंड दुकानाच्या आतच. माझ्यासारखा दिसणारा दुसरा कुणी भारतीय? असेल. पण तसाच शर्ट? बरं, शर्टही असेल. अण्णांची शुगर? चपला? आणि अण्णांशी तो बोलला ते मराठीत.

इथं परत आल्यावर अण्णांनी गावभर सांगितलं की परदेशात हरवलो तर पोरानं पाच मिनिटांत हुडकून काढलं. पारावर, लग्नात, दवाखान्यात. लोक माझ्याकडं कौतुकानं बघायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण खोडून काढायचं धाडस झालं नाही.

हे सगळं कदाचित मी इथं लिहिलंही नसतं. पण गेल्या आठवड्यात अण्णांना डोळ्यांच्या तपासणीला नांदेडला नेत होतो. अहमदपूरच्या पुढं चहाला थांबलो. सकाळची वेळ, बाकावर आम्ही दोघंच. म्हटलं, आता सांगूनच टाकू.

"अण्णा, त्या बाजारात तुम्हाला बसवलं तो मी नव्हतो."

अण्णांनी चहा बशीत ओतला. अजिबात दचकले नाहीत.

"ठावं हाय," ते म्हणाले.

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"तवाच कळलं, पन तूच व्हतास म्हनायला बरं वाटायचं. तोंड तुझं, आवाज तुझा, समदं तुझंच. पन खांद्यावर हात ठेवून म्हनला, अण्णा, दमलाव का? सकाळचं मनावर घेऊ नका. जरा दमानं चला, आपल्याला कुठं घाई हाय." त्यांनी बशीवर फुंकर मारली. "आता तू सांग, तू कवा बोललास असं माझ्याशी?"

मी कप बाकावर ठेवला. विचारलं, "मग कळलं होतं, तर गेलात कशाला त्याच्यासंगं? कोण, कुठला..."

"आता काय सांगावं," अण्णा म्हणाले. "इतक्या मायेनं कुनी बस म्हनलं तर मानूस बसतंय की रं."

आणि त्यांनी बशी तोंडाला लावली. त्या दिवशी नांदेडला आम्ही दीड तास उशिरा पोचलो, कारण पुढं रस्त्याच्या कडेला करडईचं पीक होतं आणि अण्णांना ते बघायचं होतं.